गाडी चालू होते, पण ओढत नाही

वर्ष-दोन वर्षे उभी राहिलेली स्कूटर मुळीच चालू होत नसेल, तर काम तुलनेने सोपे असते. करंट नाही, पेट्रोल पोचत नाही किंवा कंप्रेशन नाही, यांपैकी काय ते थोड्या वेळात कळते. खरी अवघड गाडी ती, जी चालू होते. नवी बॅटरी बसवली, ताजे पेट्रोल घातले, चार किका मारल्या आणि इंजिन सुरू झाले. उभ्या जागी आवाजही बरा वाटतो. पण रस्त्याला लागल्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी काटा चाळिसाच्या पुढे सरकत नाही, मागे माणूस बसला की गाडी दम टाकते. कोल्हापूरच्या गॅरेजमध्ये ही तक्रार दोन शब्दांत मांडतात: पिकअप नाही.

अशा गाड्या कोल्हापुरात भरपूर आहेत. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची स्कूटी जिन्याखाली राहिली. वडिलांची चेतक कोणी विकायला धजावत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा उभ्या केलेल्या कितीतरी गाड्या पुढे तशाच राहून गेल्या. आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत भिजलेल्या, वरवर धुऊन कोपऱ्यात लावलेल्या गाड्यांची जातच निराळी. यांतली एखादी गाडी बाहेर निघाली की पहिला सल्ला ठरलेला असतो: कार्बोरेटर साफ करून घ्या. तो पुष्कळदा बरोबर निघतो. बरोबर निघाला नाही, तर मग प्लग, केबल, बेल्ट, शेवटी पिस्टन असे एकेक सुटे भाग बदलत जातात आणि मूळ दोष आहे तिथेच राहतो.

म्हणून एकही स्क्रू सोडण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. ताकद तयारच होत नाही, की तयार होऊन चाकापर्यंत पोचत नाही, की चाकापर्यंत पोचून तिथे खाल्ली जाते? या तीन शक्यता वेगळ्या केल्या की निम्मे काम झाले. आणि तपासणी शेवटच्या टोकाकडून, म्हणजे चाकाकडून इंजिनाकडे करत यावी. कारण चाक तपासायला पैसे पडत नाहीत, इंजिन उघडायला पडतात.

त्याआधी तक्रार खरी आहे का, हे पाहण्याची जागा नीट निवडा. रंकाळ्याभोवती फेरी मारून गाडीची ताकद कळत नाही. साधा हिशेब मांडू. गाडी आणि दोन माणसे मिळून २४० किलो वजन धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जायला चाकापाशी अर्धा किलोवॉट, म्हणजे पाऊण हॉर्सपॉवरच्या आत पुरते. तीच गाडी त्याच वेगाने बारा मीटरला एक मीटर अशा चढावर न्यायची, तर नुसते वजन वर उचलायलाच दीड किलोवॉटहून जास्त लागते. एकूण गरज होते तीन हॉर्सपॉवरच्या जवळ, म्हणजे चौपट. शंभर-एकशेदहा सीसीच्या इंजिनात सात-आठ हॉर्सपॉवर असतात आणि त्यांतले काही बेल्टमध्ये खर्ची पडतात. त्यामुळे इंजिनाची निम्मी ताकद गेली तरी ती महाद्वार रोडच्या गर्दीत जाणवणार नाही, टेंबलाईच्या चढावर मात्र लगेच उघडी पडेल. गाडी तपासायची तर टेंबलाईच्या चढावर तपासा. जमले तर वाघबीळच्या पुढे पन्हाळ्याकडे न्या, तिथे चढ सलग मिळतो. एक सूट मात्र द्यावी लागते. उंची शंभर मीटरने वाढली की हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे, म्हणजे वर पोचेपर्यंत कुठल्याही निरोगी गाडीची तीन-चार टक्के ताकद जाणारच. तो दोष नव्हे.

आता चाक. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचे चाक हाताने फिरवा. गिअरलेस गाडीत इंजिन बंद असताना ते बऱ्यापैकी मोकळे फिरले पाहिजे, गिअरच्या गाडीत न्यूट्रलवर. दीड-दोन पावसाळे ओलसर बोळात काढलेल्या गाडीत ब्रेकचा कॅम गंजून अर्धवट फिरलेल्या स्थितीत अडकतो. लिव्हर मोकळा वाटतो, पण शू ड्रमला घासतच राहतात. केबलच्या आत गंज चढला तरी तेच होते. नुसते फिरवून खात्री पटली नाही, तर दोन किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवा आणि ड्रमजवळ हात नेऊन पाहा. तो कढत लागला, तर तुमचे पेट्रोल ब्रेक तापवण्यात जाते आहे. पुढचे चाकही असेच तपासायचे, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. टायरमधली हवा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. उभ्या गाडीची हवा हळूहळू उतरते आणि बसका टायर नुसत्या लोळण्यातच ताकद खातो.

चाक मोकळे असेल, तर पुढचा प्रश्न कानाला विचारायचा. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ओरडते आहे आणि गाडी मागे राहते आहे, की इंजिनाचाच आवाज वर चढत नाही? माझ्या मते संपूर्ण तपासणीत यापेक्षा मोलाचा प्रश्न नाही. इंजिन ओरडत असेल तर ताकद तयार होते आहे, वाटेत हरवते आहे. मग कार्बोरेटरला हात लावायचे कारण नाही.

ती वाट म्हणजे बेल्ट आणि दोन पुली. ही कल्पना मोटारीत रुजवली हॉलंडच्या हूब व्हान डोर्ने यांनी, १९५८ साली पुढे आलेल्या डॅफ मोटारीत. आपल्याकडे ती घरोघर पोचवली ऐंशीच्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडाने. आज गिअर नसलेली प्रत्येक पेट्रोल स्कूटर याच तत्त्वावर चालते. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ ढकलतात आणि बेल्ट पुलीवर वर चढतो. म्हणजे गिअर आपोआप बदलत जातो. मागच्या पुलीत स्प्रिंग असते. चढ आला, ओझे वाढले, की ती बेल्टला पुन्हा खालच्या गिअरमध्ये आणते.

गाडी थांबते तेव्हा बेल्ट नेहमी सर्वांत खालच्या गिअरच्या जागी असतो. महिनोन्‌महिने तो तिथेच राहतो. पुढच्या पुलीच्या बुशवर गंज चढतो, धूळ आणि ओल मिळून तबकड्यांचे सरकणे जड होते. त्यामुळे उभ्या राहिलेल्या गाडीत या भागाचा दोष ठरावीक रूपात दिसतो. गाडी जागेवरून छान निघते, पण लवकरच इंजिन किंचाळू लागते आणि वेग एका आकड्यावर अडकतो. मागच्या पुलीतले ग्रीस वाळले असेल तर उलटे होते: सपाटीवर ठीक, चढावर मात्र गिअर खाली येत नाही आणि इंजिन दबून जाते. सुटताना गाडी थरथरत असेल, तर क्लच बेलच्या आत गंजाचा थर असतो. तो बारीक पॉलिशपेपरने जातो. बेल्टलाही एकाच जागी वाकून राहिल्याने बाक येतो, पहिले काही किलोमीटर तो धडधडतो, मग सैलावतो. पण त्याच्या आतल्या दात्यांच्या मुळाशी चिरा दिसल्या, तर तो बदलावाच. कडेचे झाकण काढून इतके पाहायला अर्धा तास पुरतो. पूर्ण गोल असायला हवेत ते रोलर एका बाजूने चपटे झालेले आढळले, तर पूर्ण संच बदला, एकेक नव्हे.

इंजिनाचाच आवाज चढत नसेल, तर मात्र इंजिनाकडे वळायचे. इथेही आधी श्वास, मग पेट्रोल. उभी गाडी म्हणजे कुणाचे तरी घर असते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर कापूस, कागद आणि भाताचा पेंढा आणून ठेवतात. कुंभारमाशी सायलेन्सरच्या तोंडात किंवा हवेच्या नळीत मातीचे घरटे बांधते आणि ते वाळले की विटेसारखे घट्ट बसते. जुन्या गाड्यांत फिल्टरचा फोम वर्षांनी भुसभुशीत होतो, हात लावताच त्याचा चुरा होतो. हाच चुरा पुढे कार्बोरेटरमध्ये जातो आणि साफ केलेला कार्बोरेटर आठवड्यात पुन्हा तुंबतो. त्यामुळे डबा न उघडता कार्बोरेटर साफ करणे हे अर्धे काम आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून पाहा. इंजिन चालू असताना धाप नियमित आणि जोरकस लागली पाहिजे.

आणि मग पेट्रोल. इथे थोडे थांबायला हवे, कारण उभ्या गाडीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते आणि गेल्या काही वर्षांत ही गोष्ट बदलली आहे.

पेट्रोल हे एकच द्रव्य नाही, अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यांतली हलकी द्रव्ये आधी उडून जातात. थंड इंजिन चालू व्हायला तीच लागतात, म्हणून जुन्या पेट्रोलवर गाडी चालू होताना कुरकुरते. उरलेल्यातली काही द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून चिकट डिंक तयार करतात. टाकीतल्या चार लिटरांना हे व्हायला महिने लागतात. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये मात्र जेमतेम वाटीभर पेट्रोल असते. ते काही आठवड्यांत आटते आणि त्यातला सगळा डिंक तळाशी, म्हणजे नेमका जेटभोवती, जमतो.

जेट म्हणजे मोजून पाडलेले छिद्र. लहान स्कूटरच्या मुख्य जेटचे छिद्र एक मिलिमीटरच्या आसपास असते, स्लो जेटचे त्याच्या निम्म्याहून कमी. मुख्य छिद्रात चहूबाजूंनी केवळ पाच शतांश मिलिमीटरचा थर बसला, तर त्याचा व्यास एकवरून ०.९ वर येतो आणि क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटते. पूर्ण ताकदीसाठी इंजिनाला एक भाग पेट्रोलला सुमारे तेरा भाग हवा लागते, वजनाने. पेट्रोल १९ टक्के कमी झाले की हेच प्रमाण एकास सोळा होते. असे पातळ मिश्रण जळते, पण सावकाश जळते. ताकद घटते आणि इंजिन तापते. डोळ्यांना न दिसणाऱ्या थराचा हा परिणाम आहे. म्हणूनच ‘जेट बघितला, आरपार दिसतंय’ एवढ्यावर समाधान मानू नये.

कोणता जेट तुंबला आहे ते उघडण्याआधीच ओळखता येते. चोक ओढला तरच चालू राहते, चोक सोडला की बंद पडते, पण रेस दिल्यावर बरी पळते: हा स्लो जेट. उभी असताना छान, ॲक्सिलरेटर पाऊणच्या पुढे पिळला की खोकते किंवा दबते: हा मुख्य जेट. खात्रीसाठी, गाडी दम टाकत असतानाच चोक किंचित ओढून पाहा. ओढल्यावर जोर वाढला, तर पेट्रोल कमी पडते आहे. आणखी घुसमटली, तर पेट्रोल आधीच जास्त होते आहे, म्हणजे दोष तुंबलेल्या फिल्टरमध्ये, अडकलेल्या चोकमध्ये किंवा न बसणाऱ्या फ्लोटच्या सुईत शोधायचा. एका पैशाचा खर्च नाही आणि उत्तर पक्के. चोक आपोआप चालणाऱ्या गाड्यांत हा प्रयोग करता येत नाही, पण तिथे तो चोकच गरम झाल्यावर बंद न होणे हेही पिकअप जाण्याचे एक कारण असते.

जेट साफ करायचा तो कार्बोरेटर क्लीनरने भिजवून आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेने. त्यात स्टीलची पिन किंवा सुई घालायची सवय काही ठिकाणी अजून आहे, ती वाईट आहे. पितळेचे छिद्र त्याने ओरखडते, मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल जास्त पिऊ लागते. फारच वेळ आली तर वायरीतल्या तांब्याचा एक मऊ धागा वापरावा. कार्बोरेटर उघडलाच आहे, तर वरच्या झाकणाखालचा रबरी पडदाही उजेडात धरून पाहा. पुष्कळ स्कूटरमध्ये कार्बोरेटरमधला सरकता पिस्टन हाच पडदा उचलतो. वर्षानुवर्षे आखडून त्याला बारीक चीर गेली, तर पिस्टन अर्ध्यावरच राहतो, सगळे जेट स्वच्छ असूनही गाडी ओढत नाही आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

एक दोष असा आहे की तो वेळ सांगून येतो. गाडी पहिले दोन किलोमीटर झकास पळते, मग दम टाकून बंद पडते. थोडे थांबले की पुन्हा चालू होते. अशा वेळी थांबल्या थांबल्या टाकीचे झाकण उघडा. सुस्‌ असा आवाज होऊन हवा आत गेली, तर झाकणातले श्वासाचे छिद्र बुजलेले आहे. आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ साचून कॉकची जाळी अर्धी बुजली, तरी असेच होते, फक्त झाकण उघडून फरक पडत नाही. काही गाड्यांत कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो. त्याची बारीक नळी तडकली असेल, तर कॉक पूर्ण उघडत नाही.

आता बदललेली गोष्ट. कोल्हापूर हा उसाचा जिल्हा. इथल्या साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून इथेनॉल तयार होते आणि तेच पेट्रोलमध्ये मिसळले जाते. देशाने सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ च्या जूनमध्ये गाठला, २०२३ पासून २० टक्के मिश्रण पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये सरासरी २० टक्क्यांच्या आसपास पोचली. शेतकऱ्याच्या दृष्टीने या धोरणाचे महत्त्व मोठे आहे आणि ते मला मान्य आहे. पण २०१९ साली उभी केलेली गाडी आज बाहेर काढताना एवढे लक्षात ठेवावे, की ती झोपली तेव्हाचे पेट्रोल आणि आज पंपावर मिळणारे पेट्रोल एक नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटच्या कार्बोरेटरला मिश्रण आणखी पातळ होते. जेटमध्ये थोडा डिंक आणि त्यात हे, असे दोन लहान दोष मिळून एक मोठी तक्रार तयार होते.

इथेनॉलचा दुसरा स्वभाव उभ्या गाडीला जास्त जाचतो. ते पाणी ओढते. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास विरघळते. पाच लिटरच्या टाकीत हे झाले २५ मिलिलिटर. तेवढ्यापर्यंत काही बिघडत नाही. त्याहून जास्त पाणी आले, झाकणाच्या खाचेतून पाऊस उतरला, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी वेगळा थर करून बसतात. कॉक तळाशीच असतो, म्हणजे कार्बोरेटरला आधी हाच थर मिळतो. तो जळत नाही, आणि फ्लोट चेंबरच्या ॲल्युमिनियमवर पांढरी खरखरीत पूड चढवतो. तपासायला सोपे आहे: फ्लोट चेंबरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून बाहेर येणारे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत धरा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करण्यावाचून इलाज नाही. त्यात ताजे पेट्रोल मिसळून भागत नाही. हे काम उघड्यावर करावे, जवळ स्वयंपाकाचा गॅस किंवा उदबत्तीही नसावी.

ठिणगीबद्दल थोडक्यात. प्लग काढून टोक पाहा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरेफटक म्हणजे कमी, तेलाने ओले म्हणजे दोष आत. प्लग कॅपच्या आत हिरवट गंज चढला असेल, तर उभ्या जागी ठिणगी पडते, पण ओझ्याखाली, कंप्रेशन पूर्ण भरल्यावर, ती हुकते आणि गाडी मिसिंग करते. प्लग स्वस्त आहे, नवा घाला. त्यामुळे एक शक्यता तरी कायमची मिटते.

पेट्रोलचा दोष की ठिणगीचा, याचा निर्णय होत नसेल, तर पंपाशेजारच्या पीयूसी केंद्रावर जा. उभ्या गाडीचे प्रमाणपत्र संपलेलेच असते, ते काढावे लागणारच. पण कागद घडी करून खिशात घालण्याआधी त्यावरचे आकडे वाचा. कार्बन मोनॉक्साईड जास्त असेल तर मिश्रण दाट आहे. तो अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र जास्त असेल, तर मिश्रण इतके पातळ आहे की काही वेळा ते पेटतच नाही. दोन्ही माफक असतील आणि तरीही गाडी ओढत नसेल, तर निदान उभ्या जागी तरी पेट्रोलवर संशय घ्यायला जागा उरत नाही. इतक्या स्वस्तात इतकी उपयोगी माहिती गाडीबद्दल दुसरीकडे मिळत नाही, आणि ती आपण वाचत नाही याचे मला वाईट वाटते.

हे सगळे होऊनही जोर नसेल, तर कंप्रेशन. चार स्ट्रोकचे इंजिन थांबते तेव्हा बऱ्याचदा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो. सायलेन्सरवाटे पावसाळी हवा आत जाते आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज चढतो. पिस्टनच्या रिंगा जुन्या तेलात चिकटून बसतात. गेजने कंप्रेशन मोजावे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे, कारण तेलाने ती तात्पुरती बुजवली. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हमधून. व्हॉल्व्हचा गॅप बिघडला असेल तर तो कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे लावून घ्यावा. रिंगा केवळ चिकटल्या असतील, तर नव्या तेलावर काही दिवस चालवून त्या पुष्कळदा सुटतात. थेट हेड खोलायची घाई नको. सिलिंडरलाच गंजाने खड्डे पडले असतील, तर कोल्हापूरकर नशीबवान आहे. शिवाजी उद्यमनगरात बोअर करून वाढीव मापाचा पिस्टन बसवून देणारे हात आहेत. ऑइल इंजिने आणि फौंड्रीवर वाढलेल्या या वस्तीत भाग टाकून देण्याआधी तो घडवता येईल का, हे पाहण्याची रीत अजून टिकून आहे.

१९७२ पासून बाजारात आलेली चेतक, त्याच वर्षीची लुना, साठ सीसीची जुनी स्कूटी ही टू-स्ट्रोक मंडळी वेगळ्या कारणाने थकतात. त्यांच्या पेट्रोलमध्येच तेल असते, लिटरला २० मिलिलिटरच्या आसपास. पेट्रोल उडून जाते, तेल उरते, म्हणून यांच्या जेटमधला चिकटा जास्त दाट असतो. खरी मेख मात्र क्रँकच्या दोन बाजूंच्या ऑइल सीलमध्ये असते. टू-स्ट्रोक इंजिन क्रँककेसमध्येच मिश्रण दाबते, त्यामुळे ती पेटी हवाबंद असावी लागते. वर्षानुवर्षे कोरडे राहिलेले रबर कडक होते. चेतकमध्ये मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले, तर बाहेरची हवा आत खेचली जाते, ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही आणि चढावर जोर लागत नाही. अशी गाडी तशीच दामटली तर पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचे गेले, तर गिअर ऑइल ओढले जाते, गल्लीभर पांढरा धूर होतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी यात फरक पडत नाही. या गाड्यांचा सायलेन्सरही तपासावा. वर्षांचे काजळीमिश्रित तेल आत सुकून वाट अरुंद करते. एका वेगापर्यंत गाडी खुशीत जाते, तिथून पुढे गुदमरते.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्टर आहे. तिथे पहिला संशय बॅटरीवर घ्या, कारण टाकीतला पंप तिच्यावर चालतो. मीटरवरचा इंजिनाचा दिवा काय सांगतो ते वाचून घ्या, आणि पंपाची जाळी पाहा.

पुराच्या गाडीला मात्र हा क्रम लागू नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांपर्यंत. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, आंबेवाडी-चिखली इथल्या दारात लावलेल्या गाड्या दिवसेंदिवस गढूळ पाण्यात होत्या. अशा गाडीची ताकद किती गेली हा प्रश्नच नंतरचा. तिला आधी किक मारायची नाही, बटन दाबायचे नाही. इंजिन ऑइल काढून पाहा. ते दुधाळ आले, तर पाणी क्रँककेसमध्ये आहे. प्लग काढून सिलिंडर मोकळा करा, तेल भरून, चालवून, पुन्हा बदला, रंग स्वच्छ येईपर्यंत. बेल्टचे झाकण उघडून गाळ धुऊन काढा, कारण पंचगंगेचा बारीक गाळ सुकला की बेल्ट, बुश आणि बेअरिंग घासत राहतो. ब्रेक ड्रम, चाकाची बेअरिंगे, गिअर ऑइल, वायरिंगचे सॉकेट, सगळे उघडावे लागते. हे त्या वेळी झाले नसेल आणि गाडी आज इतक्या वर्षांनी बाहेर निघत असेल, तर आधी खर्चाचा अंदाज काढा, मग स्पॅनर. काही गाड्या त्या खर्चाला पुऱ्या पडत नाहीत, आणि तसे स्पष्ट सांगणारा मेकॅनिक तुमचे पैसे वाचवत असतो.

दुरुस्त झालेली गाडी पुन्हा उभी करायची वेळ आली, तर टाकी भरून ठेवावी की रिकामी? टाकी काठोकाठ भरावी म्हणजे गंज धरत नाही, हा जुना सल्ला इथेनॉल नसतानाचा आहे. दोन-तीन महिन्यांसाठी तो आजही चालतो. एका पावसाळ्याहून जास्त मुक्काम असेल, तर टाकी रिकामी करून आतून थोडे इंजिन ऑइल फिरवावे. कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे आणि फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढावेत. सायलेन्सरच्या तोंडाला आणि फिल्टरच्या नळीला कापड बांधावे आणि हँडलला चिठ्ठी लावावी, कारण ते कापड काढायला विसरणारे पुष्कळ असतात.